एकराचा आकडा : ४३,५६०



वाटणीचा कागद असो, खरेदीखत असो की कलमे मागवायची असोत, एक आकडा पाठ हवाच : ४३,५६०. एक एकर म्हणजे इतके चौरस फूट.

हा आकडा आला कुठून? एडमंड गुंटर या इंग्रज गणितज्ञाने १६२० च्या सुमारास जमीन मोजण्यासाठी ६६ फुटांची साखळी ठरवली. एक साखळी रुंद आणि दहा साखळ्या लांब असा पट्टा म्हणजे एकर. ६६ ला ६६० ने गुणून पाहा. आपला गुंठा अर्ध्या साखळीचा, म्हणजे ३३ बाय ३३ फुटांचा चौरस. त्याचे १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे झाले की एकर भरतो.

या आकड्याला २, ३, ४, ५, ६, ८, ९, १०, ११, १२ यांपैकी कशानेही भागा, बाकी उरत नाही. वाटेकरी सात असले तरच अडते. कपाशी ३ बाय ३ फुटांवर लावायची असेल, तर ९ ने भागा. एकरी ४,८४० झाडे. आंबा ३३ बाय ३३ फुटांवर लावला, तर गुंठ्याला एक कलम, एकरी ४०.

याहून मोलाचा गुण पुढेच आहे. १,०८९ ला ९ ने आणि ११ ने भाग जातो. म्हणून पूर्ण गुंठ्यांचे चौरस फूट काढले, की त्या उत्तरालाही दोन्हींनी भाग गेलाच पाहिजे. समजा, सात एकरांचे ३,०४,९२० झाले. अंकांची बेरीज १८. नऊचा भाग जातो. आता एकाआड एक अंक घ्या : ३, ४, २ यांची बेरीज ९, उरलेल्या ०, ९, ० यांचीही ९. दोन्हींत फरक शून्य किंवा अकराच्या पटीत आला, की अकराचा भाग जातो.

लिहिणाऱ्याने चुकून ३,४०,९२० लिहिले तर? अंकांची बेरीज तीच, नऊचा पडताळा फसतो. पण एकाआड एक बेरजा ५ आणि १३ येतात. फरक ८, म्हणजे चूक पकडली! ही चूक ३६,००० चौरस फुटांची, जवळजवळ ३३ गुंठ्यांची आहे. पडताळा जुळला म्हणजे हिशेब बरोबरच असे मात्र नाही. जुळला नाही, तर तो चूक हे नक्की.

आणखी एक सावधगिरी. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. आर म्हणजेच गुंठा, असे धरू नका. हेक्टरचे गुंठे १०० नव्हे, सुमारे ९८.८४ भरतात. हेक्टरमागे गुंठाभराहून जास्त फरक पडतो.

तेव्हा कागदावर सही वा अंगठा उमटवण्याआधी शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना जवळ बसवा आणि हा पडताळा त्यांच्याकडून करून घ्या. त्यांचे गणितही पक्के होईल आणि आपला बांधही.