इब्री लोकांचें कृषिवर्ष व त्यांचे सण

आपल्या हातकणंगल्याच्या शिवारांत मृगाचा पाऊस पडला म्हणजे पेरणीची लगबग सुरू होते. प्राचीन इब्री लोकांच्या कनान देशांत पाऊस हिवाळ्यांत पडे. म्हणून तेथें पेरणी कार्तिकाच्या सुमारास व कापणी वसंतांत होई. १९०८ सालीं गेजेर येथें सांपडलेल्या, सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींच्या एका लहानशा चुनखडीच्या पाटीवर बारा महिन्यांचीं हीं कामें क्रमानें कोरलेलीं आहेत.

या कामांशींच त्यांचे तीन मोठे सण जोडलेले होते. वल्हांडणाच्या दिवसांत जवाची पहिली पेंढी देवास अर्पण करीत. सात आठवड्यांनीं गव्हाच्या कापणीचा सप्ताहांचा सण येई. आणि द्राक्षें, जैतुनें घरीं आलीं म्हणजे मांडवांचा सण होई. महिने चांद्र असल्यामुळें सण हंगामापासून ढळूं नयेत, म्हणून आपल्याप्रमाणेंच तेही अधिक महिना धरीत.

याचा दाखला आपल्याच महाराष्ट्रांत आहे. कोंकणांत तेलघाणे चालविणारे बेने इस्राएल शनिवारीं काम बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांस 'शनवार तेली' म्हणत. त्यांच्याजवळ इब्री ग्रंथ उरले नव्हते. 'शेमा' ही प्रार्थना तेवढी मुखीं राहिली होती. तरी शरदांत नव्या धान्याची, नारळाच्या रसांतील खीर करून ते 'खिरीचा सण' पाळीत. ग्रंथ गेले, पण कृतज्ञता चुलीपाशीं टिकली.

आपल्या घरच्या प्रत्येक सणामागें कोणतें पीक वा कोणता हंगाम आहे, हें विद्यार्थ्यांनीं वडील मंडळींस अवश्य विचारावें, असें आम्हांस वाटतें.