मायक्रोफोनचा शोध : यादीतील नाव आणि प्रत्यक्ष आवाज

तंजावर परिसरात पिढ्यानुपिढ्या बोलल्या जाणाऱ्या मराठीचे नमुने ध्वनिमुद्रित करायचे झाल्यास आज लॅपटॉप हे सोयीचे साधन ठरते. अभ्यासक वक्त्यासमोर बाहेरचा यूएसबी मायक्रोफोन ठेवतो. मुद्रण मात्र लॅपटॉपच्या अंगभूत मायक्रोफोनमधून होत राहते, असे घडू शकते. वयोवृद्ध वक्त्याची मुलाखत पुन्हा मिळेलच, याची शाश्वती नसते. म्हणूनच संगणक मायक्रोफोन कसा ओळखतो, हे भाषाभ्यासकानेही समजून घेणे अगत्याचे आहे.

मुद्रण करणारी आज्ञावली सामान्यतः संगणकप्रणालीच्या ध्वनिविषयक प्रोग्रामिंग इंटरफेसकडे उपकरणांची यादी मागते. विंडोजच्या जुन्या 'वेव्हइन' पद्धतीत आधी उपकरणांची संख्या आणि मग एकेकाचे नाव विचारले जाते. नावासाठी समाप्तिचिन्हासह ३२ चिन्हांचीच जागा असल्याने लांब नावे तुटतात आणि दोन उपकरणे सारखीच भासू शकतात. २००७ साली सर्वांसाठी उपलब्ध झालेल्या विंडोज व्हिस्टापासून प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र ओळखचिन्ह मिळाले. उपकरण कार्यरत आहे, बंद केलेले आहे, अनुपस्थित आहे की त्याची पिन काढलेली आहे, ही अवस्थाही कळू लागली.

ब्राउझरमध्ये खासगीपणाचा प्रश्न येतो. उपकरणांच्या नावांवरून वापरकर्त्याचा माग काढता येऊ शकतो. म्हणून त्याने मायक्रोफोन वापरण्याची परवानगी देईपर्यंत ही नावे कोरी ठेवली जातात.

तथापि यादी केवळ उपकरणाचे अस्तित्व सांगते. 'कार्यरत' म्हणून नोंदलेल्या मायक्रोफोनचे बटण बंद असू शकते किंवा त्याची पातळी शून्यावर असू शकते. त्यामुळे शोधाचे तीन टप्पे मानणे योग्य ठरेल. पहिला, यादी मिळविणे; दुसरा, प्रणालीने ठरविलेल्या उपकरणावर विसंबून न राहता ओळखचिन्हानुसार निवड करणे; आणि तिसरा, काही सेकंदांचे नमुने घेऊन तपासणे. सर्व मूल्ये शून्य आली, तर आवाज पोहोचत नाही, हे उघड होय. मूल्ये आली, तरी बाहेरच्या मायक्रोफोनवर बोटाने हलकेच टिचकी मारून पातळी उसळते का, हे पाहावे. मुलाखतीच्या मध्येच उपकरण निघाले, तर आज्ञावलीने त्याची सूचना तत्काळ दिली पाहिजे.

यादीतील नाव हा पुरावा नव्हे. आलेला आवाज हाच पुरावा होय. बोलीच्या संग्रहाची विश्वसनीयता या छोट्या तपासणीपासूनच सुरू होते.