फ्रिजच्या दाराचं हँडल तुटलं तर : घरी काय करावं, काय करू नये



सहावीच्या सामान्य विज्ञानात 'साधी यंत्रे' हा पाठ आहे. तरफ शिकवताना आपण कात्री, अडकित्ता, सी-सॉ अशी उदाहरणं देतो. घरात दिवसातून वीस-पंचवीस वेळा वापरली जाणारी एक तरफ मात्र त्या यादीत सहसा येत नाही, ती म्हणजे फ्रिजचं दार. हँडल शाबूत असेपर्यंत तिच्याकडे लक्षही जात नाही. ते तुटलं की घरातले सगळे वैतागतात, आणि मग त्याच्या जागी काहीतरी बांधलं जातं.

आपल्या पालघर-बोईसर पट्ट्यात हे चित्र नेहमीचं आहे. एमआयडीसीत कामाला आलेली कुटुंबं भाड्याच्या खोलीत राहतात, फ्रिज बरेचदा सेकंडहँड घेतलेला असतो. हँडलच्या जागी नायलॉनची दोरी, जुन्या ओढणीची पट्टी, नाहीतर चिकटपट्टीचे वेढे. काम भागतं म्हणून ते तसंच वर्षानुवर्षं चालतं. दुरुस्ती खरं तर अर्ध्या तासाची आहे. पण ती करण्याआधी दोन गोष्टी तपासायला हव्यात : फ्रिजच्या अंगात करंट येतो का, आणि हँडल तुटलंच का. यातली पहिली जास्त महत्त्वाची, म्हणून तिच्यापासून सुरुवात करू.

आधी करंट तपासा

प्लॅस्टिकचं हँडल हे नुसतं धरायला नसतं. प्लॅस्टिक विजेचं दुर्वाहक आहे, म्हणजे आपला हात आणि दाराचा पत्रा यांच्यामध्ये ते नकळत एक आडोसा असतं. हँडल तुटलं की आत बसवलेले स्क्रू उघडे पडतात आणि मुलाचा हात थेट धातूवर जातो. फ्रिज ठीक असेल तर काही होत नाही. पण आतली वायर कुठे खरवडून बॉडीला टेकली असेल आणि अर्थिंग नसेल, तर तोच पत्रा जिवावर उठतो.

तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यात ऑक्टोबर २०२३ मध्ये वडिलांबरोबर सुपरमार्केटमध्ये गेलेल्या चार वर्षांच्या मुलीने तिथल्या फ्रिजच्या दाराला हात लावला आणि शॉक लागून तिचा मृत्यू झाला. लहान मुलं अनवाणी असतात, हात ओले असतात, आणि फ्रिज हे त्यांचं आवडतं ठिकाण.

तेव्हा आधी प्लग बघा. तीन पिनांच्या प्लगमधली जाड आणि लांब पिन अर्थिंगची असते. ती लांब ठेवलेली असते ती मुद्दाम, म्हणजे प्लग घालताना सर्वांत आधी तीच जोडली जाते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. भाड्याच्या खोल्यांत अनेकदा दोन पिनांचा जुना बोर्ड असतो म्हणून मधे अडॅप्टर लावतात किंवा ती जाड पिन सरळ कापून टाकतात. असं असेल तर हँडल नंतर, आधी तो बोर्ड बदलून घ्या. बोर्ड तीन पिनांचा दिसतो, पण मागे अर्थिंगची वायरच जोडलेली नाही, असंही पुष्कळ ठिकाणी असतं. ते वायरमनकडूनच तपासून घ्यावं लागतं.

दाराला हात लावल्यावर कधी झिणझिण्या येत असतील, विशेषतः पावसाळ्यात, तर 'थोडासाच करंट येतो' म्हणून दुर्लक्ष करू नका. बोर्डचं बटण बंद करून प्लग काढा आणि वायरमनला बोलवा. टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे सगळं ठीक, असंही समजू नका. चप्पल घालून कोरड्या जागी उभं राहिलं तर दिवा मंद लागतो, कधी दिसतही नाही. मीटरजवळ ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवलेली असेल तर वीज गळताच पुरवठा आपोआप तुटतो. लहान मुलं असलेल्या घरात ती असावीच, असं माझं मत आहे. हँडलला कापडी कव्हर घालणं हा यावरचा उपाय नाही. ते ओलं होतं, आणि आतली तडही झाकून ठेवते.

हँडल तुटतं का?

आता तरफेकडे येऊ. दाराची बिजागरी म्हणजे टेकू. हँडल दुसऱ्या टोकाला, म्हणजे बल तिथे. रबराची चिकटण्याची ओढ दारभर पसरलेली असते, पण तिचा परिणाम दाराच्या मध्यावर धरता येतो. भार मध्ये, म्हणजे अडकित्त्यासारखी दुसऱ्या प्रकारची तरफ. बिजागरीपासून ५० सेंटीमीटरवर ओढलं तर जेवढा जोर लागतो, त्याच्या दुप्पट जोर २५ सेंटीमीटरवर लागतो. मुलांना हे पटवायला फ्रिज लागत नाही. वर्गाचं दार पुरे. एका मुलाला कडेला एका बोटाने ढकलायला सांगा, दुसऱ्याला बिजागरीजवळ. दुसरा सगळा जोर लावतो आणि वर्ग हसतो. तरफ त्या दिवशी जी समजते ती फळ्यावरच्या आकृतीने समजत नाही.

मग एवढ्या सोयीच्या जागी बसवलेलं हँडल तुटतं का? पहिलं कारण दाराचं रबर, म्हणजे गॅस्केट. त्याच्या आत चुंबकाची पट्टी असते. आपल्याकडच्या दमट हवेत त्याच्या घड्यांमध्ये बुरशी धरते, त्यात लोणच्याचं तेल, सरबताचा थेंब, दुधाचा ओघळ. रबर चिकट होतं आणि दार फेविकॉल लावल्यासारखं बसतं.

दुसरं कारण हवेचा दाब. दार बंद करून लगेच पुन्हा उघडायला जा, ते जास्तच घट्ट लागतं. उघडल्यावर आत शिरलेली गरम हवा बंद दारामागे थंड होते, आकसते, आतला दाब थोडा घटतो. बाहेरची हवा दाराला आत दाबते. 'थोडा' म्हणजे किती, ते मुलांकडून काढून घ्या. हवेचा दाब दर चौरस मीटरला सुमारे १० टन वजनाइतका असतो. फ्रिजचं दार अर्धा चौरस मीटर धरलं आणि आतला दाब फक्त एक टक्का कमी झाला असं मानलं, तर दारावर ५० किलोंचा भार येतो! प्रत्यक्षात पाणी जाण्याच्या छिद्रातून आणि रबराच्या फटीतून हवा आत येते आणि मिनिटभरात ओढ संपते. म्हणून दार लगेच उघडायचं असेल तर झटका देऊ नका, थोडं थांबा.

तिसरं कारण हात कुठे पडतो ते. उभं हँडल वर आणि खाली अशा दोन ठिकाणी स्क्रूने धरलेलं असतं. मधोमध धरलं तर जोर दोन्हींत वाटला जातो. मोठी माणसं वरचं टोक धरतात, लहान मुलं खालचं टोक धरून लोंबकळतात. मग एकाच स्क्रूभोवतीचं प्लॅस्टिक सगळा ताण घेतं आणि तिथेच तड जाते. शिवाय दारात पाण्याच्या पाच-सहा बाटल्या भरलेल्या असतील तर पाच-सहा किलो वजन बिजागरीवर. दार खाली झुकतं, रबर नीट बसत नाही, आणि माणूस आणखी जोराने आपटतो, आणखी जोराने ओढतो.

त्यामुळे नवीन हँडल आणण्याआधी रबर कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून पुसून घ्या, घड्या उलगडून आतूनही. मग कोरडं पुसा. दहाची नोट दारात अडकवून दार लावा आणि नोट ओढा. अडखळत आली तर रबर ठीक आहे. सहज सटकली तर त्या जागी रबर सैल आहे. चारही बाजूंनी बघा. हे न करता हँडल बदललंत तर काही महिन्यांनी तेही तुटेल.

बदलायचं कसं

प्लग काढा. फ्रिजच्या आत बाजूच्या भिंतीवर किंवा मागे एक स्टिकर असतो, त्यावरचा मॉडेल नंबर मोबाइलने फोटो काढून ठेवा. सेकंडहँड फ्रिजवर तो बरेचदा उडालेला असतो. अशा वेळी हँडलच्या एका स्क्रूच्या छिद्राच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा आणि जुनं हँडल तुकड्यांसह पिशवीत घालून दुकानात न्या. हँडलच्या एकूण लांबीपेक्षा हे छिद्रांमधलं अंतर जुळणं महत्त्वाचं. दार उजवीकडे उघडतं की डावीकडे हेही सांगा.

काही फ्रिजना वेगळं हँडल नसतंच, दाराच्या कडेलाच बोटं घालायची खाच असते. ती तुटली तर हँडल बदलून भागत नाही, दाराची ती पट्टी किंवा कधी पूर्ण दारच बदलावं लागतं.

स्क्रू दिसत नसतील तर घाबरू नका. हँडलच्या टोकांवर प्लॅस्टिकची छोटी टोपणं असतात, स्क्रू त्यांच्याखाली दडलेले. टोपण काढताना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला कापड गुंडाळा, नाहीतर दारावर ओरखडा पडतो. काही धातूच्या हँडलना बाजूला अगदी बारीक षटकोनी खाचेचा स्क्रू असतो, त्याला ॲलन की लागते. सातपाटी, केळवे, तारापूर, डहाणू अशा किनाऱ्याजवळच्या गावांत खाऱ्या हवेने स्क्रू गंजून बसलेले असतात. शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडा आणि चहा पिऊन या. जबरदस्ती केली तर स्क्रूची खाच झिजते आणि मग काम खरंच अवघड होतं. नवीन स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या, फरक दोन-चार रुपयांचा असतो.

नवीन हँडल लावताना दोन्ही स्क्रू आधी अर्धेच बसवा, हँडल सरळ आहे का बघा, मग आळीपाळीने आवळा. अति आवळू नका, नवीन प्लॅस्टिकला तिथेच तड जाते. पत्र्यातलं छिद्र मोठं झालं असेल तर किंचित जाड स्क्रू चालतो, पण लांब नको. दारावर डिस्प्ले किंवा बटणं असतील तर पत्र्यामागे वायर असू शकते.

आणि एक गोष्ट कृपया करू नका : ड्रिल. दार बंद ठेवायला कडी-कोयंडा लावतो म्हणून फ्रिजच्या बाजूच्या पत्र्याला भोक पाडणारे लोक आहेत. अनेक फ्रिजच्या बाजूच्या पत्र्यालगतच गॅसच्या नळ्या असतात. बाजूचा पत्रा गरम लागतो तो त्यामुळेच. नळीला भोक पडलं की फ्रिज गेला. आणि हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन हा ज्वलनशील वायू असतो.

हँडल मिळतच नसेल तर चिकटवता येतं, पण झटपट चिकटणाऱ्या गोंदाने नाही. तो कडक आणि ठिसूळ होतो, दोन दिवसांत ओढीने सुटतो. दोन नळ्यांचं मिश्रण करून लावायचं इपॉक्सी घ्या. तुटलेल्या कडा पॉलिश पेपरने खरखरीत करा, साबणाने तेलकटपणा घालवा, पूर्ण सुकू द्या. मग चिकटवून दोऱ्याने घट्ट बांधा आणि २४ तास हात लावू नका. तड स्क्रूच्या छिद्रातूनच गेली असेल तर मात्र चिकटवण्यात अर्थ नाही.

कंपनीकडे विचारायलाही लाजू नका. वॉरंटी कार्ड आधी वाचा, कारण हँडलसारखे प्लॅस्टिकचे भाग त्यातून बरेचदा वगळलेले असतात. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. त्यावर घरगुती उपकरणं हा एक विभाग आहे आणि दुरुस्ती व सुट्या भागांची माहिती कंपन्यांनी तिथे द्यावी असा हेतू आहे.

हँडलची कडी आणि लहान मुलं

आजचं हँडल फक्त ओढण्यासाठी असतं, दार धरून ठेवतं ते चुंबक. पूर्वी तसं नव्हतं. जुन्या फ्रिजच्या हँडलमध्येच कडी असायची, खटका बसला की दार फक्त बाहेरूनच उघडायचं. अमेरिकेत टाकून दिलेल्या अशा फ्रिजमध्ये लपायला शिरलेली मुलं गुदमरून गेली. तिथे १९५६ मध्ये यासाठी खास कायदा झाला आणि १९५८ पासून दार आतून ढकलून उघडेल असंच बनवणं सक्तीचं झालं. लागणारा जोर १५ पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण सात किलोंपेक्षा, जास्त नको असं ठरलं. योगायोग असा, की त्याच १९५८ मध्ये गोदरेजने भारतात पहिला देशी फ्रिज बनवला.

आपल्याकडे एका दाराच्या फ्रिजना अजूनही कुलूप असतं. ते लावलेलं असेल तर चुंबक असून उपयोग नाही. लपाछपी खेळणाऱ्या मुलाला हे कळत नाही. म्हणून किल्ली कुलपात लटकत ठेवू नका. आणि बंद पडलेला फ्रिज गॅलरीत, जिन्याखाली किंवा अंगणात भंगारवाल्याची वाट बघत उभा असेल, तर हँडलसाठी काढलेल्या त्याच स्क्रू ड्रायव्हरने आणि एका पान्याने त्याचं दार आजच बिजागरीतून सोडवा. दार आणि खोकं वेगवेगळं दिलं तरी भंगारवाला नाही म्हणत नाही.