औषध मुरविलेलें लांकूड : पारख, सांठवण व जोडणी

आपल्या पूर्णा तालुक्यांतील जुनीं माळवदें उकलतांना ज्यांनीं पाहिलीं असतील, त्यांस ठाऊक असेल कीं तुळई मध्यें क्वचितच कुजते. ती कुजते भिंतींत दडलेल्या टोंकाशीं. तेथें पाणी मुरतें, वारा लागत नाहीं, आणि मातीच्या आडोशानें वाळवी वर चढते. सागाचा गाभा हें पुष्कळ काळ सोसतो. सालीलगतचा पांढरा भाग मात्र सागाचा असला तरी टिकत नाहीं. चांगला साग परवडेना, तेव्हां हलक्या लांकडांत औषध मुरवून तें वापरण्याचा मार्ग उरतो.

ह्या विद्येंत आपल्या देशाचा वांटा मोठा आहे. देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेंतील सोंती कामेशम ह्यांनीं १९३३ सालीं तांबें, क्रोमियम व आर्सेनिक ह्यांचें मिश्रण शोधिलें, व तें पुढें जगभर वापरलें गेलें. बंद टाकींतील हवा ओढून घेऊन तें दाबानें लांकडांत घालतात. परंतु आर्सेनिक विषारी असल्यामुळें अमेरिकेंत २००३ च्या अखेरीपासून बहुतेक घरगुती कामांसाठीं त्याचा वापर थांबला. घराच्या आंतील कोरड्या लांकडास टाकणखार व बोरिक आम्ल ह्यांचें औषध चालतें. पावसांत मात्र तें धुवून जातें. आपल्या जंक्शनच्या गांवीं रेल्वेचे डांबरतेल पाजलेले जुने स्लीपर हाताशीं आले तरी ते घरांत वा गव्हाणीस लावूं नयेत.

आतां माझी चूक सांगतों. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां मीं गोठ्यासाठीं औषध मुरविलेल्या तुळया आणिल्या. लांबी जास्त भरली म्हणून सुतारानें टोंकें कापलीं, आणि तीं कोरीं टोंकें तशींच मातीच्या भिंतींत गेलीं. चौथ्या पावसाळ्यांत एक तुळई रात्रीं खालीं बसली. बैल बाहेर बांधलेले होते म्हणून वांचले. औषध बहुधा कडेच्या भागांतच मुरलेलें असतें. करवत लागली कीं आंतील कोरें लांकूड उघडें पडतें. वाळवी तेथूनच शिरली होती.

म्हणून माप घेऊन, कापून, भोंकें पाडून मगच औषध देववावें. जागेवर कापणें भागच पडलें, तर त्या टोंकास योग्य औषध कुंचल्यानें दोनदां पाजावें. खरेदींत औषधाचें नांव पावतीवर लिहून घ्यावें. लांकूड जमिनीपासून वीतभर उंच, थरांमध्यें चिपा देऊन, छपराखालीं व बाजू मोकळ्या ठेवून रचावें. एक तुकडा दर आठवड्यास तोलावा. वजन स्थिर झालें म्हणजे लांकूड वाळलें. खिळे जस्ताचा मुलामा दिलेले घ्यावे, कारण तांब्याच्या औषधानें साधें लोखंड लवकर गंजतें. खांब तळखड्यावर उभा करावा. तुळईचें टोंक दगडावर टेकवून दोहों बाजूंस बोटभर जागा वाऱ्यास ठेवावी. ढलप्या व भुसा चुलींत जाळूं नये, कीं शेतांतहि टाकूं नये. आर्सेनिकाच्या औषधाचा धूर व राख विषारीच.

शेवटीं, दर वैशाखांत दाभण घेऊन टोंकें टोंचून पाहावीं. दाभण सहज आंत गेलें, तर मृग लागण्यापूर्वीं टेकू द्यावा व तुळई बदलावी.