हातातून निसटलं तर?

कोल्टचं 1873चं ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ रिव्हॉल्व्हर देखणं, पण हातातून पडलं तर जिवावर बेतणारं. घोड्याची टोकदार पिन थेट काडतुसाच्या टोपीवर टेकते. घोड्यावर दणका बसला की बार उडू शकतो. म्हणून जाणकार सहा घरांत पाचच काडतुसं भरत.

रुगर कंपनीने 1973मध्ये आपल्या रिव्हॉल्व्हरांत ‘ट्रान्सफर बार’ बसवला. त्यामुळे चाप ओढल्याशिवाय घोड्याचा घाव काडतुसापर्यंत पोहोचतच नाही. आपली जुनी रिव्हॉल्व्हरंही कंपनी मोफत सुधारून देते, हे विशेष.

कॅलिफोर्नियात 2001पासून नव्या मॉडेलची तीन हत्यारं साधारण एक मीटरवरून काँक्रीटवर सहा प्रकारे टाकून तपासतात. ठरावीक मापांच्या सिंगल ॲक्शन (दर वेळी घोडा हाताने ओढावा लागणाऱ्या) रिव्हॉल्व्हरांना मात्र सूट आहे, आणि जुना धोका नेमका तिथेच आहे. अशी जुनी रिव्हॉल्व्हरं बाळगणाऱ्यांनी घोड्याखालचं घर रिकामंच ठेवावं.