मुखत्यार मालक नसतो : सही देण्याआधी आणि सही घेतल्यावर

आपल्या धाराशिव जिल्ह्यात जमिनीच्या कागदांना सध्या पाय फुटले आहेत. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गाचे काम सुरू आहे. वाशी, भूम, कळंबच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत. ज्या माळरानाकडे काल कुणी ढुंकून बघत नव्हते, त्याचे आज करार होतात, मोबदला निघतो. पण जमिनीचा मालक अनेकदा पुण्या-मुंबईला नाहीतर ऊसतोडीच्या फडावर असतो. मग गावातला भाऊबंद, पाहुणा, पुढारी किंवा एजंट म्हणतो, "कशाला हेलपाटे मारता? कुलमुखत्यारपत्र करून द्या, मी बघतो."

सही होते. पुढे किती पैसे आले, कुणाला गेले, कागदावर काय लिहिले होते, हे विचारायचे धाडस होत नाही. "त्याच्याच हातात सगळे दिले होते, आता काय बोलणार?" असे म्हणून घर गप्प बसते.

आमचे म्हणणे एवढेच आहे, की इथे गप्प बसायचे कारण नाही. सही दिली म्हणजे हक्क सोडला असे होत नाही. उलट, सही घेणाऱ्याच्या डोक्यावर कायद्याने जबाबदाऱ्या येतात.

हा कायदा बाबासाहेबांच्या अभ्यासातला

२२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी बाबासाहेब आपल्याच जिल्ह्यातल्या कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले होते. तेव्हा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. तडवळ्याची आठवण आपण दरवर्षी काढतो. पण बाबासाहेबांनी १९२५ ते १९२८ या काळात मुंबईच्या बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवला, हे फार थोड्यांना माहीत असते. करार आणि एजन्सी हा व्यापारी कायद्याचा पाया. 'शिका' या शब्दात हेही शिकणे येते.

मुखत्यारावर कोणती बंधने असतात?

भारतीय करार कायदा, १८७२ च्या दहाव्या प्रकरणात एजन्सीचे नियम आहेत. दुसऱ्याच्या वतीने तिसऱ्याशी व्यवहार करतो तो एजंट. मुखत्यार हा एजंटच.

१. सांगितले तेवढेच करायचे (कलम २११). भाडेकराराचा अधिकार दिला असेल तर विक्री करता येत नाही. सांगण्याबाहेर जाऊन नुकसान केले, तर ते त्याने भरून द्यायचे.

२. काळजीने काम करायचे (कलम २१२). हयगयीमुळे थेट नुकसान झाले, तर भरपाई त्याच्याकडून.

३. मागताक्षणी हिशेब द्यायचा (कलम २१३). हे कलम प्रत्येकाने पाठ करावे. हिशेब मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे, तो मालकाचा हक्क आहे.

४. अडचण आली तर मालकाला कळवायचे, त्याचे मत घ्यायचे (कलम २१४).

५. स्वतःचा फायदा बघायचा नाही (कलमे २१५ व २१६). समजा, तुम्ही जमीन विकायला सांगितली आणि मुखत्याराने मेहुण्याच्या नावावर स्वतःच घेतली. त्याने महत्त्वाची गोष्ट लपवली किंवा व्यवहार तुमच्या तोट्याचा ठरला, हे दाखवता आले तर तो व्यवहार तुम्हाला नाकारता येतो. तुम्हाला न कळवता तुमच्या कामात त्याने स्वतःचा व्यवहार घुसवून नफा मिळवला, तर तोही तुम्हाला मागता येतो.

६. तुमच्या नावाने आलेला पैसा तुमच्याकडे पोचवायचा (कलम २१८). कायदेशीर खर्च आणि ठरलेला मेहनताना वजा करता येतो, बाकी सगळा तुमचा. काम गैरमार्गाने केले असेल, तर त्या कामाचा मेहनतानाही मिळत नाही (कलम २२०).

आणि आपले काम मुखत्याराला सहसा दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही (कलम १९०).

सही करण्याआधी

कागद वाचून घ्या, वाचता येत नसेल तर शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या. गट नंबर, काम आणि मुदत स्पष्ट लिहा. एका कामासाठी सगळ्या मालमत्तेचे कुलमुखत्यारपत्र देऊ नका. मोबदला थेट स्वतःच्या बँक खात्यात येईल असे लिहून घ्या. 'रद्द न होणारे' आणि 'मोबदला मिळाला' हे शब्द दिसले तर थांबा. मुखत्यारपत्र एरवी रद्द करता येते, पण त्या मालमत्तेत मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध असेल तर त्याला बाधा येईल असे रद्द करता येत नाही (कलम २०२). पुढचा वाद याच शब्दांवर उभा राहतो.

जमीन घेणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे. सूरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी स्पष्ट केले, की नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागते.

फसवणूक झाली असेल तर

आधी हिशेब लेखी मागा, स्पीड पोस्टाने, आणि पोचपावती जपून ठेवा. मुखत्यारपत्र रद्द करायचे असेल तर त्याला लेखी कळवा. दुय्यम निबंधक, तलाठी, बँक आणि संबंधित कंपनीलाही कळवा. कारण तिसऱ्या माणसापुरते रद्द होणे त्याला कळल्यापासून लागू होते (कलम २०८). मालक वारला तर एरवी मुखत्यारपत्र तिथेच संपते, त्या जुन्या कागदावर वारसांची जमीन विकता येत नाही.

उशीर मात्र करू नका. मुखत्याराने घेतलेल्या पैशाच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची आहे. हिशेब मागून नाकारला तेव्हापासून ती मोजतात. मागितलाच नसेल, तर एजन्सी संपल्यापासून. पैसा हडप केला असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली फौजदारी गुन्हाही होतो, आणि एजंटाने केलेल्या अपहाराला जास्त कडक शिक्षा आहे.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि सर्व महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीतल्या बौद्धांनाही हा हक्क आहे. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, किंवा १५१०० वर फोन करा.

आता आपल्याबद्दल

हा कायदा फक्त लबाड एजंटासाठी नाही. वस्तीतल्या आजीचे काम घेऊन तिच्या वतीने व्यवहार करणारा कार्यकर्ताही एजंटच ठरतो. "मी एक रुपया घेत नाही" म्हटल्याने जबाबदारी सुटत नाही, कारण एजन्सीला मोबदला लागतच नाही (कलम १८५). आजीचे काम करताना समोरच्या कंपनीकडून गुपचूप 'चहापाणी' घेतले, तर तो विश्वासघातच आहे.

विनयपिटकात संघाच्या वस्तू सांभाळणारा भिक्खू कसा निवडावा, ते सांगितले आहे. छंद, दोस, मोह आणि भय यांच्या आहारी न जाणारा, आणि काय सांभाळले, काय नाही याची जाण असणारा. लोभ नको, आकस नको, अज्ञान नको, दबावाला बळी पडणे नको, आणि हिशेब हवा. 'अदिन्नादाना वेरमणी' रोज म्हणणाऱ्याला करार कायद्याची ही कलमे परकी वाटायचे कारण नाही.

प्रत्येक विहारात महिन्यातला एक रविवार ठेवा. वस्तीतले सातबारे, मुखत्यारपत्रे, भाडेकरार आणायला सांगा आणि शिकलेल्या पोरा-पोरींनी ते मोठ्याने वाचून दाखवावेत. अनेक घरांत आपण कशावर सही केली, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळेल.

जय भीम! नमो बुद्धाय!