शालू (यंत्रमानव)
शालू ही मुंबई उपनगरात, घाटकोपरच्या उत्तरेकडील पवई येथे तयार झालेली स्त्रीरूपी यंत्रमानव आहे. तेथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या परिसरातील केंद्रीय विद्यालयाचे संगणकशास्त्राचे शिक्षक दिनेश पटेल यांनी प्लॅस्टिक, पुठ्ठा, लाकूड, ॲल्युमिनियम अशा टाकाऊ वस्तूंपासून ती सुमारे ३ वर्षांत घडवली. २०२१ मध्ये ती प्रसिद्धीस आली. ‘रोबोट’ (२०१०) हा चित्रपट या निर्मितीमागील प्रेरणा होता. पटेल यांच्या माहितीनुसार शालू मराठीसह ९ भारतीय व ३८ परदेशी भाषांत संवाद साधते, माणसे ओळखून लक्षात ठेवते आणि आनंद, राग व्यक्त करते. शाळेत शिक्षिका वा कार्यालयात स्वागतिका हे तिचे संभाव्य उपयोग त्यांनी सुचवले. हा हेतू मात्र शालूने शोधलेला नसून निर्मात्याने ठरवलेला आहे. तिचा स्नेहभाव आज्ञावलीतून येतो. मैत्रीतील परस्पर जाणीव त्यातून सिद्ध होत नाही.